वर्गणी वीजग्राहकाची, वकिली धुराची

वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असे अनेक रकाने असतात. त्यातला प्रत्येक आकार समजतोच असे नाही, पण निदान तो छापलेला तरी असतो. वीज कंपन्यांचा आणखी एक खर्च असतो, जो जगात सहसा कुठल्याच बिलावर छापला जात नाही. तो म्हणजे सरकारदरबारी आपले म्हणणे पुढे रेटण्याचा खर्च. कायदे, निकष आणि मुदती आपल्याला सोयीच्या व्हाव्यात म्हणून कंपन्या स्वतः प्रयत्न करतात आणि उद्योग संघटनांना वर्गणी देऊन त्यांच्याकडूनही करून घेतात. यालाच लॉबिंग म्हणतात.

हा विषय अर्थविषयक पानावरचा वाटेल. पण वीजनिर्मितीच्या धुराचे निकष किती कडक असावेत आणि ते कधीपासून लागू व्हावेत, यावर माणसांचे आयुष्य अवलंबून असते. त्यामुळे हे निकष ठरताना कोण, कोणाच्या नावाने आणि कोणाच्या पैशाने बोलतो, हा आरोग्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर बरीच कागदपत्रे उघड झाली, खटले झाले, काही जण तुरुंगात गेले आणि काही राज्यांनी कायदेही बदलले. त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

धुराचा हिशेब

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोळशावरील वीजकेंद्रांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे १९९९ ते २०२० या काळात अमेरिकेतील ६५ वर्षे व त्यावरील वयाच्या नागरिकांमध्ये सुमारे ४ लाख ६० हजार अतिरिक्त मृत्यू झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. हे कण २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. इतर सर्व स्रोतांतील सूक्ष्म कणांच्या सरासरीच्या तुलनेत कोळशाच्या धुरातील कणांशी निगडित मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक असल्याचेही या अभ्यासात दिसले.

याच अभ्यासात एक दिलासाही आहे. १९९९ ते २००७ या वर्षांत असे मृत्यू दर वर्षी सरासरी ४३ हजारांच्या घरात होते. २०२० मध्ये हा आकडा सुमारे १,६०० वर आला. म्हणजे वीस वर्षांत चित्र पालटले. स्वस्त नैसर्गिक वायूमुळे अनेक जुनी कोळसा केंद्रे बंद पडली, तर उरलेल्या अनेक केंद्रांच्या धुराड्यांवर गंधक शोषणारी यंत्रणा बसली. ही यंत्रणा बसण्यामागे हवाशुद्धीचे कायदे आणि नियम होते. यातला जवळजवळ प्रत्येक नियम येण्याआधी त्याला विरोध झाला, नंतर न्यायालयात आव्हान दिले गेले आणि मुदतवाढी मागितल्या गेल्या. ज्या काळात दर वर्षी ४३ हजार माणसे जात होती, त्या काळात लांबलेल्या एकेका वर्षाची किंमत काय असेल, याचा अंदाज यावरून येतो.

विरोध करणारा चेहरा

आता विरोध कोण करत होते ते पाहू. अमेरिकेतील बड्या वीज कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडले तर त्यात हिरवीगार चित्रे आणि स्वच्छ हवेविषयीची कळकळ दिसते. न्यायालयातील दाव्यांवर मात्र वेगळेच नाव असे : ‘युटिलिटी एअर रेग्युलेटरी ग्रुप’. या गटाला स्वतःचे कार्यालय असे नव्हतेच. ‘हंटन अँड विल्यम्स’ या वकिली कंपनीतून त्याचा कारभार चाले. वीज कंपन्या वर्गणी भरत आणि वकील त्या पैशातून पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, नियमांवर हरकती नोंदवत आणि दावे लढवत. कोणती कंपनी सभासद आहे आणि ती किती पैसे देते, हे जनतेला सहसा कळत नसे. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘पॉलिटिको’ या वृत्तसंस्थेने कागदपत्रे उघड केली, तेव्हा दिसले की २०१७ या एका वर्षासाठी २५ वीज कंपन्या आणि ६ उद्योग संघटनांनी मिळून ८२ लाख डॉलर देण्याचे कबूल केले होते. त्या वेळी ईपीएच्या हवाविषयक विभागाचे प्रमुख बिल वेरम हे पूर्वी याच वकिली कंपनीत होते. संसदेच्या समितीने चौकशी सुरू केली, कंपन्या एकेक करून बाजूला झाल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात हा गट बरखास्त करण्याची घोषणा झाली.

या गटाने लढवलेल्या नियमांपैकी एक पाऱ्याचा होता. कोळशात अल्प प्रमाणात पारा असतो. तो धुराबरोबर हवेत जातो, पावसाबरोबर पाण्यात उतरतो, तिथे त्याचे मिथाइल मर्क्युरी हे विषारी रूप बनते आणि ते माशांच्या शरीरात साठते. गर्भवतीच्या आहारातून ते गर्भापर्यंत पोचले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. या पाऱ्यावर व इतर विषारी घटकांवर मर्यादा घालणारा नियम ईपीएने २०११ च्या अखेरीस जाहीर केला. त्यामुळे दर वर्षी ११ हजारांपर्यंत अकाली मृत्यू टळतील, असा तिचा अंदाज होता. नियमाविरुद्धचे दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नियम करायचा की नाही हे ठरवतानाच खर्चाचा विचार व्हायला हवा होता, असा निकाल २०१५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. पण तोवर बहुतेक केंद्रांनी यंत्रणा बसवूनही टाकली होती.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ईपीएने या नियमाचा पायाच काढून घेण्याची तयारी सुरू केली, तेव्हा वीज उद्योगाच्या संघटनांनीच पत्र लिहून नियम राहू द्या अशी विनंती केली. आम्ही त्यासाठी १,८०० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आहे, तो ग्राहकांकडून वसूल व्हायचा आहे, आता नियम काढला तर गोंधळ होईल, हे त्यांचे म्हणणे होते. नियम येण्याआधी अशक्य वाटणारी गोष्ट अमलात आल्यावर सोयीची झाली होती. दरम्यान कोळसा केंद्रांतून निघणारा पारा सुमारे ९० टक्क्यांनी घटला.

जुनी सवय

हवामान बदलाच्या बाबतीतही हीच रीत दिसते. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे विज्ञान सल्लागार डोनाल्ड हॉर्निग यांनी ‘एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट’ या वीज कंपन्यांच्या मुख्य संघटनेच्या अधिवेशनात वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा आणि त्याच्या संभाव्य परिणामांचा उल्लेख केला होता. म्हणजे विषय या उद्योगाच्या कानावर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी आला होता. तरीही १९९१ मध्ये कोळसा आणि वीज उद्योगाच्या पाठबळावर एक जाहिरात मोहीम निघाली. तापमानवाढ ही सिद्ध झालेली गोष्ट नसून केवळ एक तर्क आहे, असे लोकांच्या मनात बिंबवणे हा तिचा लेखी हेतू होता. पृथ्वी तापते आहे तर मिनियापोलिस थंड का होते आहे, अशा धर्तीचे प्रश्न तिच्या जाहिरातींत विचारले गेले. मोहिमेचे नाव होते ‘इन्फर्मेशन कौन्सिल फॉर द एन्व्हायर्नमेंट’. नाव वाचून एखादी पर्यावरण संस्थाच वाटावी.

संघटनेच्या आडून बोलण्याचा फायदा उघड आहे. कंपनीची प्रतिमा स्वच्छ राहते, विरोधाचे काम होते आणि जबाबदारी इतकी वाटली जाते की कोणाच्याच अंगाला लागत नाही.

मग या संघटना सोडून द्याव्यात, हे उत्तर सोपे वाटते. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. चक्रीवादळानंतर हजारो खांब कोसळतात, तेव्हा शेजारच्या राज्यांतील कंपन्यांचे लाइनमन गाड्या घेऊन मदतीला येतात. ही परस्पर मदतीची व्यवस्था उद्योग संघटनांच्या माध्यमातूनच उभी आहे. कामगारांची सुरक्षितता, तांत्रिक मानके, सायबर हल्ल्यांपासून बचाव ही कामेही तिथे होतात. एकाच वर्गणीत वादळातली मदतही असते आणि नियमाविरुद्धचा दावाही. कारभाराचा खरा प्रश्न ही सरमिसळ कशी सोडवायची हा आहे.

ओहायोचा धडा

कारभारच नसला तर काय होते, याचे उदाहरण ओहायो राज्यात घडले. ‘फर्स्टएनर्जी’ ही ॲक्रन शहरात मुख्यालय असलेली आणि पाच-सहा राज्यांत सुमारे ६० लाख ग्राहकांना वीज पुरवणारी कंपनी. तिच्या उपकंपनीची दोन अणुवीज केंद्रे तोट्यात होती. जुलै २०१९ मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने ‘हाउस बिल ६’ हा कायदा मंजूर केला. त्यातून ग्राहकांच्या बिलावर अधिभार लावून या केंद्रांना मदत देण्याचे ठरले. एकूण बोजा सुमारे १३० कोटी डॉलरचा सांगितला जात होता. अणुवीज कार्बनमुक्त असल्याने कायद्याला स्वच्छ हवेचे लेबल लावता आले. पण त्याच कायद्याने दोन जुन्या कोळसा केंद्रांनाही अनुदान दिले. त्यातले एक तर शेजारच्या इंडियाना राज्यात होते. अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट १२.५ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आणले गेले आणि ऊर्जा बचतीची सक्ती गुंडाळण्यात आली.

कायद्याविरुद्ध सार्वमत घेण्यासाठी नागरिक सह्या गोळा करू लागले, तेव्हा चीन तुमची वीजयंत्रणा ताब्यात घेतो आहे अशा जाहिराती झळकल्या. सह्यांची मोहीम फसली. वर्षभराने, जुलै २०२० मध्ये, विधिमंडळाचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. ‘जनरेशन नाऊ’ नावाच्या, समाजकल्याणासाठी म्हणून नोंदवलेल्या संस्थेमार्फत सुमारे ६ कोटी डॉलर त्यांच्या राजकारणाकडे वळवले गेले होते. अशा संस्थांना देणगीदारांची नावे जाहीर करावी लागत नाहीत. हाउसहोल्डर २०२३ मध्ये दोषी ठरले आणि त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली. फर्स्टएनर्जीने २०२१ मध्ये सरकारी वकिलांशी करार करून २३ कोटी डॉलरचा दंड भरला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला त्याआधीच काढून टाकण्यात आले होते. अणुकेंद्रांचे अनुदान २०२१ मध्ये रद्द झाले, पण कोळसा केंद्रांचे त्यानंतरही चालू राहिले.

या प्रकरणाचा कमी चर्चिला गेलेला भाग म्हणजे त्यानंतरच्या कारभारातील बदल. अशा बिननावी संस्थांना दिलेले पैसे कंपनीने आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायचे, ही करारातली एक अट होती. भागधारकांनी संचालकांविरुद्ध लावलेला दावा २०२२ मध्ये १८ कोटी डॉलरवर मिटला. त्यात ठरले की सहा संचालक पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नाहीत आणि राजकीय खर्च व लॉबिंगचे आराखडे यापुढे पूर्ण संचालक मंडळ तपासून मंजूर करेल. तोवर ही कामे अधिकाऱ्यांच्या दालनात ठरत होती. संचालकांनी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

अर्थात, कागदावरचा कारभार सुधारला म्हणजे धूर कमी झाला असे नाही. याच कंपनीने २०३० पर्यंत उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचे आपले मधले उद्दिष्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडून दिले. वेस्ट व्हर्जिनियातील तिची दोन कोळसा केंद्रे चालू ठेवायची तर ते गाठता येत नव्हते. २०५० चे दूरचे उद्दिष्ट मात्र कायम आहे.

चांगला कारभार कसा ओळखावा?

गुंतवणूकदारांच्या दबावामुळे या विषयात आता काही निकष तयार झाले आहेत. स्वीडनचा एपी ७ हा पेन्शन फंड, बीएनपी पारिबा ही वित्तसंस्था आणि चर्च ऑफ इंग्लंडचे पेन्शन मंडळ यांच्या पुढाकाराने २०२२ मध्ये जबाबदार हवामान लॉबिंगचे १४ कलमी जागतिक मानक जाहीर झाले. त्याचा गाभा सांगायचा तर असा : कंपनीने लॉबिंगची जबाबदारी संचालक मंडळावर ठेवावी, कोणकोणत्या संघटनांची सभासद आहे ते जाहीर करावे, त्या संघटनांची हवामानविषयक भूमिका आणि आपली स्वतःची भूमिका यांची दर वर्षी तुलना करून प्रसिद्ध करावी, आणि जिथे विसंगती असेल तिथे काय केले ते सांगावे. आधी संघटनेत बोलून पाहायचे, मग जाहीर मतभेद नोंदवायचा, आणि तरीही उपयोग झाला नाही तर बाहेर पडायचे, असा क्रम अपेक्षित आहे.

बाहेर पडल्याची उदाहरणे आहेत. २००९ मध्ये अमेरिकेच्या ‘चेंबर ऑफ कॉमर्स’ने हवामान विज्ञानाचाच जाहीर खटला चालवावा अशी भाषा केली, तेव्हा पीजी अँड ई, पीएनएम रिसोर्सेस आणि एक्सेलॉन या तीन वीज कंपन्यांनी काही दिवसांतच चेंबरशी काडीमोड घेतला. ऑस्ट्रेलियात एजीएल या वीज कंपनीने २०१६ मध्ये खाण उद्योगाच्या संघटनेला रामराम ठोकला.

पण यातल्या एक्सेलॉनची पुढची कहाणी सावध करणारी आहे. तिच्या ‘कॉमनवेल्थ एडिसन’ या शिकागोतील उपकंपनीने इलिनॉय विधिमंडळाच्या सभापतींची मर्जी राखण्यासाठी त्यांच्या माणसांना बिनकामाची कंत्राटे दिली आणि २०२० मध्ये २० कोटी डॉलरचा दंड कबूल केला. हवामानाच्या बाजूने बोलणारी कंपनीही लाचखोरीत सापडू शकते. म्हणून भूमिका चांगली की वाईट एवढेच पाहून चालत नाही. पैसा कोठून कोठे गेला, हे दिसले पाहिजे.

इथे व्याख्येची एक मेख आहे. संघटना आपल्या पावतीवर वर्गणीचा अमुक टक्के भाग लॉबिंगचा आहे असे लिहितात. तो भाग ग्राहकांकडून वसूल करायचा नाही, असा संकेत आहे. पण अमेरिकी करकायद्यातील लॉबिंगचा अर्थ मुख्यतः कायदेमंडळावर प्रभाव टाकणे असा आहे. ईपीएच्या नियमांवर हरकती नोंदवणे किंवा न्यायालयात दावा लढवणे सहसा त्यात मोडत नाही. पाऱ्याच्या नियमाविरुद्धची सारी लढाई अशीच झाली. म्हणजे धूर श्वासात घेणाऱ्या ग्राहकाच्याच बिलातून त्या धुराची वकिली होण्याची वाट मोकळी राहते. ग्राहकाला वीज कंपनी बदलण्याची सोय बहुधा नसते, त्यामुळे नाराज होऊन दुसरीकडे जाण्याचा मार्गही बंद. हे लक्षात घेऊन कोलोरॅडो, कनेक्टिकट आणि मेन या तीन राज्यांनी २०२३ मध्ये कायदे केले : लॉबिंगचा खर्च आणि उद्योग संघटनांची वर्गणी कंपनीने नफ्यातून द्यावी, बिलातून नाही.

आपल्याकडे

भारतात सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातले सातवे तत्त्व नेमके याच विषयाचे आहे. कंपनी ज्या प्रमुख दहा उद्योग संघटनांची सभासद आहे त्यांची नावे द्यावी लागतात. कोणत्या सार्वजनिक धोरणाचा आपण पुरस्कार केला, हे सांगण्याचा रकानाही आहे, पण तो ऐच्छिक गटात मोडतो. वर्गणीची रक्कम आणि संघटनेच्या भूमिकेशी तुलना यांची सक्ती नाही. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या महानिर्मिती, महावितरण यांसारख्या सरकारी कंपन्या या चौकटीबाहेर राहतात.

याचे महत्त्व कळण्यासाठी एकच उदाहरण पुरे. कोळसा केंद्रांतील सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये काढले आणि दोन वर्षांची मुदत दिली. खासगी वीज उत्पादकांच्या संघटनेसह उद्योगाने मुदतवाढ मागितली. मुदत आधी २०२२ वर गेली, मग पुढे पुढे सरकत राहिली आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना या निकषातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, यंत्रणेचा खर्च मोठा आहे आणि विजेचे दर वाढतील, असे एका बाजूचे म्हणणे. हा वायू हवेत सूक्ष्म सल्फेट कणांत रूपांतरित होऊन दूरवर पसरतो, असे दुसऱ्या बाजूचे. यातले कोणते म्हणणे किती वजनाचे हे तज्ज्ञ ठरवतील. पण दहा वर्षे चाललेल्या या चर्चेत कोणत्या कंपनीने स्वतः काय मागितले आणि संघटनेमार्फत काय मागितले, हे चंद्रपूर किंवा कोराडीच्या रहिवाशाला सहज शोधता येत नाही.

कंपन्यांनी सरकारशी बोलूच नये, असे कोणी म्हणणार नाही. वीजयंत्रणेचे व्यावहारिक ज्ञान त्यांच्याकडे असते आणि त्याशिवाय केलेले नियम फसतात. अपेक्षा एवढीच की बोलताना स्वतःच्या नावाने बोलावे. एखाद्या वीज कंपनीचा शाश्वतता अहवाल हाती आला तर झाडे लावल्याची छायाचित्रे क्षणभर बाजूला ठेवून तीन गोष्टी शोधाव्यात : संघटनांची पूर्ण यादी व वर्गणी, संघटनेशी मतभेद झाल्याची एखादी तरी नोंद, आणि हा पैसा नफ्यातून गेला की बिलातून. भागधारकांना हे वार्षिक सभेत विचारता येते. दरवाढीच्या प्रस्तावावर वीज नियामक आयोग सूचना आणि हरकती मागवतो, तेव्हा सामान्य ग्राहकालाही ते लेखी विचारता येते. त्यासाठी वकील लागत नाही.